लेखक कुठं बसलाय?

प्रेमचंद जन्मले ३१ जुलैला, १८८० साली, बनारसजवळच्या लमही गावात. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्टला, १९२० साली, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात. मधे चाळीस वर्षं आणि एक रात्र. आमच्या मंडळात दर साली एकाच संध्याकाळी दोघांच्या तसबिरींना हार घालून उरकून टाकतात. यंदा कुणीतरी म्हणालं, हार पुरे झाले, दोघांची एकेक कथा समोरासमोर ठेवून लिहा कुणीतरी. मी पाळी सुटून उशिरा पोचलो होतो. उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं हा जुना रिवाज.

कथा ठरल्या ‘कफन’ आणि ‘स्मशानातील सोनं’. दोन्हीत प्रेत आहे, दोन्हीत भूक आहे, म्हणून.

आता मित्रहो, मी काही समीक्षक नव्हे. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधतो. शाळा दहावीतच सुटली. तौलनिक अभ्यास म्हंजे काय ते कॉलेजातल्या एका दोस्ताला विचारलं. त्यानं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडं साम्य, उजवीकडं भेद. सोपं वाटलं. साम्यात लिहिलं : दारिद्र्य, मरण, प्रेताच्या पैशावर पोट भरणं. भेदात लिहिलं : उत्तरेतलं खेडं आणि मुंबई, बापलेक आणि नवराबायको, दारू आणि सोनं. पान भरलं. वाचून बघितलं तर त्यात दोन्ही कथा नव्हत्या, किराणा मालाची यादी होती. फाडून टाकलं आणि पुन्हा कथाच वाचायला घेतल्या.

‘कफन’ पहिल्यांदा छापली गेली उर्दूत, डिसेंबर १९३५ च्या ‘जामिया’त. पुढल्या वर्षी हिंदीत आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रेमचंद गेले. थंडीची रात्र आहे. झोपडीच्या दाराशी विझलेल्या शेकोटीपाशी घीसू आणि त्याचा पोरगा माधव बसलेत. दुसऱ्याच्या शेतातनं उपटून आणलेले बटाटे भाजून खातायत. आत माधवची बायको बुधिया बाळंतकळांनी तडफडतेय. बाप म्हणतो, जाऊन बघ. पोरगा उठत नाही, कारण तो उठला तर बाप बटाटे जास्ती हाणील. सकाळी बुधिया मेलेली, पोटातलं पोटातच गेलेलं. मग दोघं रडत जमीनदाराकडं जातात, गावात फिरतात, कफनासाठी पाच रुपये जमतात, आणि ते पाच रुपये दारूत आणि पुऱ्यांत जातात.

हे कुटुंब चमारांचं, गावभर बदनाम, बाप एक दिवस काम करतो नि तीन दिवस आराम करतो, हे लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिल्यांदा वाचली तेव्हा इथंच माझं टाळकं सरकलं होतं. ज्यांच्या राबण्यावर गाव उभं, त्यांनाच कामचोर दाखवायचं? हिंदीतल्या दलित लेखकांनी, ओमप्रकाश वाल्मीकींनीसुद्धा, या कथेवर कडक टीका केलीय. डॉ. धर्मवीरांनी २००५ साली ‘प्रेमचंद : सामंत का मुंशी’ असं आख्खं पुस्तक काढलं. त्यांनी अर्थ असा लावला, की बुधियाच्या पोटातलं मूल जमीनदाराच्या घरातलं, म्हणून बापलेक आत गेले नाहीत. हे मला पटत नाही. राग माझाही तेवढाच आहे. पण कथेत नाही ते कथेत कोंबून राग काढायचा नसतो. कथेत जे आहे तेच बघू.

प्रेमचंद घीसूला नुसता आळशी म्हणून सोडून देत नाहीत. जिथं रात्रंदिवस राबणाऱ्याची हालत यांच्यापेक्षा फारशी बरी नाही, तिथं न राबणारा घीसू जास्ती शहाणा, असं ते मधे येऊन स्वतः म्हणतात. ही साधी गोष्ट नाही. आणि ते जेवण! वीस वर्षांपूर्वी ठाकुराच्या वरातीत खाल्लेलं पोटभर जेवण घीसू पोराला सांगतो. पुऱ्या, भाज्या, दही, चटणी, एकेक जिन्नस. माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळातलं सांगते, तेव्हा खडी फोडल्याचं कमी आणि वाटलेल्या सुकडीची चव जास्ती सांगते. भुकेल्या माणसाची आठवण अशीच चालते. हे प्रेमचंदांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल मी त्यांना मान देतो.

माझ्या शेजारच्या साच्यावर जौनपूरकडचा एक पोरगा आहे. चहाच्या सुट्टीत त्याला मी ‘कफन’ थोडी थोडी वाचून दाखवली, तीन रात्रींत. तो हसला, गप्प झाला, पुन्हा हसला. संपल्यावर म्हणाला, “और औरत क्या बोली?”

मी परत पुस्तक चाळलं. बुधियाला एकही वाक्य नाही. किंकाळ्या आहेत, तडफडणं आहे. तिच्याबद्दल बाकीचे बोलतात, जमीनदाराला सांगतात, दारू पिताना तिला वैकुंठाला धाडतात. ती स्वतः एक अक्षर बोलत नाही. आणि याच बाईनं लग्न होऊन आल्यावर दळणं दळून, गवत कापून या दोघांची पोटं भरली, हे प्रेमचंदांनीच लिहून ठेवलंय! म्हंजे त्या घरात काम करणारं एक माणूस होतं. काम करण्यात काय ठेवलंय हे घीसूचं शहाणपण तिच्या जात्यावर चाललं होतं. कथेतला एकुलता एक कामगार दाराआड मरतोय, आणि लेखक दार ओलांडत नाही. सकाळी माधव आत जातो तेव्हा त्याच्या पाठोपाठ जातो, तोवर सगळं संपलेलं.

तेव्हा मला वहीतल्या रेघेपेक्षा बरा प्रश्न सापडला. लेखक कुठं बसलाय? ‘कफन’चा लेखक शेकोटीपाशी बसलाय, बापलेकांच्या शेजारी.

कुणी म्हणेल, तेच तर त्याला दाखवायचंय, वाचकालाही शेकोटीपाशी बसवून बटाटे खायला लावायचेत. असेल. मी हे खोडून काढत नाही. पण मला आत काय चाललंय ते ऐकायचं होतं.

आता अण्णा भाऊ. भीमा वारणाकाठचा गडी, अंगानं दांडगा. मुंबईत आला, काम मिळालं नाही, उपनगराकडल्या रानालगत दगडाच्या खाणीवर लागला. मग खाण बंद पडली. घरी बायको आणि पोरगी. घराकडं येताना मसणवटीतल्या राखेत त्याला सोनं चमकलेलं दिसतं. तिथनं तो राख चाळायला लागतो, पुढं पुरलेली मढी उकरायला लागतो. असंच एका पैसेवाल्याचं मढं उकरताना कोल्ह्यांशी मारामारी होते. मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं त्या दातखिळीत अडकतात. लोक येतात. बोटं जातात, दोन. आणि त्याच दिवशी खबर येते, खाण सुरू होतेय.

इथं लेखक कुठं बसलाय? बसलेला नाहीच. तो भीमासंगं खड्ड्यात उतरलाय. मढं कसं उकरायचं, जबडा कशानं उचकटायचा, कुठं जोर लावायचा, सगळं हातानं केल्यासारखं लिहिलंय. अण्णा भाऊ पोरवयात चालत मुंबईला आले, कापडगिरणीत राबले. कामाला हात कसा लागतो ते त्यांना पुस्तकातनं शिकायला लागलं नाही. भीमा चोरी करतोय असं वाचताना वाटतच नाही, तो पाळीला निघालाय असं वाटतं. खाण बंद झाली तरी त्याचे हात बंद होत नाहीत. आणि भीमाची बायको बोलते. तिला भ्याव वाटतं, लोक काय बोलतात ते सांगते, नको जाऊ म्हणते. भीमा ऐकत नाही ते वेगळं. पण ती दाराआड नाही.

आपला माणूस म्हणून सगळं गोड मानायचं नाही. कोल्ह्यांची मारामारी लांबलीय. तिथं शाहीर अण्णा भाऊ कथाकार अण्णा भाऊंच्या हातनं लेखणी काढून घेतात आणि पोवाडा सुरू होतो. भीमा इतका दांडगा, की आमच्यासारख्या काटक्यांनी त्याच्यात स्वतःला कसं बघावं? आणि त्याच दिवशी खाण सुरू होणं म्हंजे योगायोग, असं माझा कॉलेजवाला दोस्त म्हणाला. त्याला मी म्हटलं, तू बदली कामगाराला विचार. आमच्यातला एक जण तीन आठवडे फाटकावर उभा राहून कंटाळून गावाला गेला, दुसऱ्या सकाळी त्याच्या नावाची हाळी झाली. काम बंद होण्याची आणि सुरू होण्याची वेळ आपण ठरवत नाही. भीमाला घात झाल्यासारखा वाटतो तो तिथंच.

आणि ती बोटं. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. एका हाताची दोन बोटं गेली, तर माणसाची कमावण्याची ताकद वीस टक्के गेली असं त्यात धरलेलं. पण ते कामावर गेली तर. मसणात गेली तर तक्ता नाही. मी दिवसभर बोटांच्या टोकांनीच धागा सांधतो, त्यामुळं शेवटचं पान वाचताना पुस्तक ज्या हातात होतं त्या हाताकडं माझं लक्ष गेलं. ‘कफन’ वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं. इथं हात दुखला. हा फरक साम्य-भेदाच्या पानावर कुठल्या बाजूला लिहायचा मला कळलं नाही, म्हणून इथं लिहिला.

कार्डिंग खात्यात एक काका आहेत. साचा साफ करताना त्यांचं एक बोट गेलंय, जुनी गोष्ट, दुसऱ्या गिरणीतली. त्यांना रविवारी घरी जाऊन ‘स्मशानातील सोनं’ वाचून दाखवली. कोल्ह्यांच्या मारामारीत ते उठून बसले, मला लांबलेलं वाटलं तिथंच. भीमा रडतो तिथवर आलो, पुस्तक मिटलं. काका थोडा वेळ तंबाखू मळत राहिले. मग विचारलं, “खाण सुरू झाल्यावर घेतला का त्याला परत?”

मी म्हटलं, कथेत तेवढं नाही.

“बघ की परत,” ते म्हणाले.