सावत्र आजीची नोंद

लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला किंवा आजोबांच्या जन्मशताब्दीला घराण्याची लहानशी पुस्तिका छापण्याची रीत आपल्या काही कॅथलिक घरांत आहे. आकुर्डीसारख्या ठिकाणी अशा पुस्तिकेचे मोल अधिकच. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने वाढत गेले आणि वसई, गोवा, नगर अशा निरनिराळ्या दिशांनी आपली माणसे येथे आली. गाव मागे राहिले, कबरी मागे राहिल्या. नातवंडांच्या हाती उरते ती ही पुस्तिकाच. म्हणून तिच्याकडे एक साहित्यप्रकार म्हणून पाहावे आणि इतर चरित्रलेखनाला आपण लावतो तीच कसोटी तिलाही लावावी, असे आम्हांला वाटते.

ही कसोटी लावली की एक उणीव डोळ्यांत भरते. पहिली पत्नी निवर्तल्यावर आजोबांनी दुसरा विवाह केला, एवढ्या एका वाक्यात सावत्र आजीची बोळवण झालेली असते. पुढच्या परिच्छेदात आजोबा पुन्हा आपल्या कर्तबगारीकडे वळतात. वंशवृक्षात रक्ताची फांदी तेवढी काढायची असा संकेत पडून गेला आहे. ज्या बाईने पोरकी मुले वाढवली तिला त्यात जागा नाही. मत्तयने शुभवर्तमानाच्या आरंभीच जी वंशावळी दिली आहे ती योसेफापर्यंत येऊन पोचते, आणि योसेफ हा काही रक्ताचा पिता नव्हे, याचा आपल्या लेखकांना सोयीस्कर विसर पडतो. त्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. लोककथांतील दुष्ट सावत्र आई मनात घर करून बसलेली असते. खरे लिहावे तर कोणी दुखावेल, या भीतीने लेखणी आखडते. कोकणस्थ घराण्यांचे कुलवृत्तान्त या बाबतीत आपल्या पुस्तिकांहून उजवे म्हणावे लागतील. त्यांत निदान प्रथम आणि द्वितीय पत्नीचे माहेर तरी नोंदलेले आढळते.

साधने नाहीत, ही सबब आपल्याला तरी शोभत नाही. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली. आजच्या, म्हणजे १९८३ च्या धर्मसंहितेनेही बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामाला बंधनकारक केल्या आहेत. मात्र या वह्या वाचण्याची दृष्टी हवी. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मदात्या आईचेच नाव असते, तेथे सावत्र आई भेटायची नाही. ती भेटते विवाहाच्या वहीत. विधुराला पुन्हा लग्न करायचे तर पहिल्या पत्नीचा मृत्यू सिद्ध व्हावा लागतो, त्यामुळे त्या लग्नाच्या कागदांपाशी दोन्ही स्त्रिया क्षणभर एकमेकींच्या शेजारी येतात. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न करण्यास ख्रिस्तसभेची खास सूट घ्यावी लागे. तशी सूट नोंदलेली दिसली, तर मुलांची सावत्र आई ही त्यांची सख्खी मावशीच नव्हती ना, हे आधी तपासावे.

मग तारखा शेजारी-शेजारी मांडाव्यात: पहिल्या पत्नीचे दफन, धाकट्या लेकराचा बाप्तिस्मा, दुसरे लग्न. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. दफन आणि लग्न यांत जेमतेम काही महिन्यांचे अंतर असेल आणि घरात तान्हे मूल असेल, तर त्या लग्नाकडे पुरुषाची हौस म्हणून पाहता येत नाही. पाळणा हलवायला कोणीतरी हवे होते. मूल लहानपणीच दगावले असेल तर तेही मृत्यूच्या वहीत सापडेल. एवढ्या चार नोंदींतून एका बाईच्या पहिल्या वर्षाचे ओझे लक्षात येते. आपल्या पुस्तिकांना ते उचलता आलेले नाही.

तरीही वहीला मर्यादा आहेतच. त्या कळण्यासाठी आम्ही वाचकांना आनंदीबाई कर्वे यांचे, कावेरी कर्वे यांनी संपादिलेले ‘माझे पुराण’ (१९४४) वाचण्याचा आग्रह करू. धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. त्यांचा मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. १८९३ साली कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या एका विधवेशी विवाह केला. कागदांतून या बाईंचा माग काढायचा म्हटले तर माहेरच्या त्या गोदूबाई जोशी, पहिल्या लग्नाने नातू, दुसऱ्याने आनंदीबाई कर्वे, आणि घरात नुसत्या बाया. ही चारही नावे एकाच बाईची, हे वहीने कोणाला सांगितले असते? कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’ची (१९१५) ख्याती मोठी, परंतु बायांनी स्वतः तोंड उघडले नसते, तर देवरुखचे बालपण, आठव्या वर्षीचे लग्न आणि त्यामागोमाग आलेले वैधव्य हे सारे एका थोर पुरुषाच्या चरित्रातील उपवाक्य होऊन राहिले असते. आम्ही ‘माझे पुराण’ला वरचे स्थान देतो ते एवढ्यासाठीच.

आकुर्डीच्या घरांत तर धर्मग्रामाच्या वह्यांच्या जोडीला आणखी कागद आहेत. शिधापत्रिका, मतदारयादी, कारखान्यात भरून दिलेला भविष्यनिर्वाह निधीच्या वारसनोंदीचा अर्ज. या अर्जात कामगाराने बायकोचे नाव, वय आणि नाते आपल्या हाताने लिहिलेले असते. एका पिढीची सावत्र आजी कित्येकदा येथेच पहिल्यांदा पूर्ण नावाने भेटेल. आणि ख्रिस्तसभेच्या कायद्याचेही म्हणणे ऐकावे: सावत्र आई आणि सावत्र मुलगा यांचे नाते तो सरळ रेषेतील सोयरिकीचे मानतो, आणि पतीच्या मृत्यूनंतरही ती विवाहबाधा उठत नाही. वंशवृक्षाने नाकारलेले नाते कायद्याने कधीच मान्य केलेले आहे.

मुले तिला नवी आई म्हणत, धाकटी आई म्हणत की मावशी, हे मात्र कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. ते सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत, आणि छापखान्यात पुस्तिका देताना त्यांना काही विचारायचे आपल्या ध्यानातही येत नाही.