गीझरवरचे तारे काय सांगतात?

थंडीची चाहूल लागली की गीझरच्या दुकानांत गर्दी होऊ लागते. विक्रेता गीझरवर चिकटवलेल्या ताऱ्यांकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "हा पाच ताऱ्यांचा आहे, पाणी तापवायला वीज निम्मीच लागेल." सुशिक्षित ग्राहकही मान डोलावतो. हे विधान विज्ञानाच्या कसोटीवर उतरते का, ते आपण पाहू.

समजा, एक बादली म्हणजे १५ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ४५ अंशांपर्यंत तापवायचे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १५ × २५ × ४.२ = १५७५ किलोज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. तेव्हा बादलीमागे सुमारे ०.४४ युनिट हवेच. विजेच्या तारेत निर्माण झालेली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. मग गीझर एका ताऱ्याचा असो की पाच ताऱ्यांचा. ३ किलोवॅटचा हीटर हेच काम सुमारे ९ मिनिटांत करतो, २ किलोवॅटचा १३ मिनिटांत. वेळ बदलतो, युनिट बदलत नाहीत.

मग तारे कशासाठी? ऊर्जा दक्षता ब्यूरो ही संस्था २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार २००२ मध्ये स्थापन झाली. टाकी असलेल्या विजेच्या गीझरला तिचे तारे मिळतात, ते टाकीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवरून. टाकीतले पाणी भोवतालापेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवायचे, नळ उघडायचा नाही, आणि २४ तासांत किती वीज खर्च होते ते मोजायचे. थोडक्यात, तारे टाकीच्या आवरणाची परीक्षा घेतात.

ही परीक्षा प्रामाणिक आहे, पण आपण तिचा निकाल चुकीचा वाचतो. उदाहरणादाखल एक गीझर २४ तासांत ०.६ युनिट गमावतो आणि दुसरा १.२ युनिट, असे धरू. दोन्ही दिवसभर चालू ठेवले तर फरक ०.६ युनिटचा, म्हणजे एका बादलीहून अधिक. सकाळी तासभरच चालू ठेवले तर त्या तासातला फरक फक्त ०.०२५ युनिट! त्याच तासात चार बादल्या तापवायला मात्र दोन्हींना सुमारे पावणेदोन युनिट लागतात. वसतिगृहात, जिथे गरम पाणी दिवसभर लागते, तिथे ताऱ्यांना खरे महत्त्व आहे. चौघांच्या घरात टाकीचा आकार आधी पाहावा. एका बादलीसाठी २५ लिटर पाणी तापवले, तर उरलेल्या पाण्यातली उष्णता दुसऱ्या सकाळपर्यंत बरीचशी निघून जाते. आवरण चांगले असेल तर ती थोडी अधिक टिकते, इतकेच.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. हे तारे एका टाकीची तुलना दुसऱ्या टाकीशी करतात. उष्णता आली कोठून, हा प्रश्न ते विचारत नाहीत. चंद्रपूर किंवा कोराडीच्या केंद्रात कोळसा जळतो, त्यातल्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत रूपांतरित होतो, आणि त्या मौल्यवान विजेपासून आपण पुन्हा उष्णताच बनवतो. याउलट गच्चीवरचा सुमारे दोन चौरस मीटरचा सौर संकलक स्वच्छ उन्हाच्या दिवशी १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवू शकतो. पाणी २० अंशांचे असेल तर ही साडेचार युनिटांहून अधिक उष्णता झाली. ढगाळ दिवशी विजेची जोड लागते, हे खरे. गॅसच्या गीझरमध्ये वीजनिर्मितीतला हा अपव्यय टळतो. पण बंद न्हाणीघरात तो बसवला तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. तो बाहेर मोकळ्या हवेतच हवा. स्वस्त-महागाच्या हिशेबात हे विसरून चालणार नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांना घरी, मोठ्यांच्या देखरेखीखाली, अवश्य करायला सांगावा. घरातली इतर उपकरणे बंद ठेवून मीटरवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. एका युनिटला किती वेळा, ते मीटरवरच छापलेले असते. बादलीतल्या पाण्याचे तापमान तापमापीने घ्यावे, आणि वरचे गणित स्वतः ताडून पाहावे. असा विद्यार्थी दुकानात गेला तर तारे मोजण्याआधी तीन प्रश्न विचारील: पाणी किती हवे, केव्हा हवे आणि उष्णता कोठून येणार?