मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन

फळ्यापुढे उभे राहून तीस वर्षे काढलेल्या शिक्षकाला गुडघ्यांविषयी वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या एका निवृत्त सहकारी बाईंनी दर तीन महिन्यांनी एक, अशी गुडघ्यात स्टिरॉइडची पाच इंजेक्शने घेतली. सहावे घ्यावे का, असे त्यांनी विचारले, म्हणून २०१७ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला मॅकअलिंडन व सहकाऱ्यांचा प्रयोग पुन्हा वाचायला काढला.

सांध्यात स्टिरॉइड टोचणे तसे जुने. फिलाडेल्फियाच्या हॉलंडर यांनी १९५१ मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. सूज उतरते, काही आठवडे बरे वाटते, यात वाद नाही. पण पुनःपुन्हा टोचल्यास? मॅकअलिंडन यांनी झिजेच्या संधिवाताच्या १४० रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एकाला दर बारा आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायॅमसिनोलोन, दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दोन वर्षांनी स्टिरॉइड गटातली कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटरने घटली, पाणी गटातली ०.१० ने. दुखणे २० गुणांच्या मापावर अनुक्रमे १.२ आणि १.९ ने उतरले. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

पाण्याने दुखणे कसे उतरते? मनाचा भाग आहेच. पण या आजारात दुखणे चढते-उतरते, आणि माणूस दवाखान्यात जातो तो ते शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते थोडे खाली येणारच. वर्गात चाळीस फासे टाका, पाच-सहा पडलेले तेवढे उचला, त्यांना ‘औषध’ देऊन पुन्हा टाका. सरासरी उतरलेली दिसेल!

प्रयोगात एक कच्चा दुवा मात्र आहे. दुखणे मोजले दर तीन महिन्यांनी, आणि स्टिरॉइडचा गुण टिकतो काही आठवडे. पहिल्या महिन्यात कोणी सुखाने जिना चढले असेल तर त्याची नोंद कुठेच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परीक्षा घेऊन ‘शिकवलेले वाया गेले’ म्हणण्यापैकीच हे. शिवाय ०.११ मिलिमीटरची जादा झीज रुग्णाला पुढे जाणवते का, हे दोन वर्षांत समजणे कठीण. तेव्हा ‘स्टिरॉइड निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. ‘दर तिमाहीला एक’ या प्रथेविरुद्ध मात्र पुरावा चांगला आहे.

प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाची महागडी इंजेक्शनेही ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवरच्या चाचणीत (२०२१) वर्षअखेरीस मिठाच्या पाण्याहून सरस ठरली नाहीत. २०२० च्या एका अमेरिकन चाचणीत १५६ रुग्णांपैकी फिजिओथेरपी घेणारे वर्षाअखेर स्टिरॉइडवाल्यांपेक्षा बरे होते. अर्थात व्यायाम काही रुग्णापासून लपवता येत नाही.

बाईंना हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग माझ्या पाचांचा गुण औषधाचा की तुमच्या त्या फाशांचा, ते आता कसे कळणार?”