‘कॉन्टॅक्ट’मधला हेडफोन आणि खोडदच्या तबकड्या

विज्ञान मंडळात एखादा चित्रपट दाखवायचा ठरला की ‘कॉन्टॅक्ट’चे नाव हमखास निघते. कार्ल सेगन यांच्या १९८५ च्या कादंबरीवरून रॉबर्ट झेमेकिस यांनी तो १९९७ साली काढला. जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकांना तो अधिकच जवळचा. त्यातल्या इंग्रजी वाय आकारात मांडलेल्या तबकड्या पाहून मुलांना आपले खोडद आठवणारच. चित्रपट जरूर दाखवावा. मात्र तो कुठे चुकीचे शिकवतो हे आधी समजून घ्यावे.

त्याचे सर्वांत चांगले दृश्य सुरुवातीलाच येते. लहानगी एली घरच्या हौशी रेडिओ संचावर बसली आहे. विस्कॉन्सिनमधून तिला थेट फ्लॉरिडातले पेन्साकोला सापडते आणि ती वडिलांना विचारते, याहून दूर बोलता येईल का? चंद्रापर्यंत? गुरूपर्यंत? विज्ञानाची ओढ कशी लागते, हे इतक्या साधेपणाने क्वचितच दाखवले जाते. शिवाय प्रश्न पोरकट नाही. चंद्रावर लहरी आपटवून परत पकडण्याचा खेळ हौशी मंडळी खरोखरच खेळतात. प्रतिध्वनी यायला सुमारे अडीच सेकंद लागतात.

पण त्याआधीचे, पृथ्वीपासून दूर दूर जाणारे प्रसिद्ध दृश्य मात्र फसवे आहे. आपण जसजसे दूर जातो तसतशी जुनी प्रक्षेपणे ऐकू येतात, ही कल्पना अगदी बरोबर. परंतु सूर्यमाला ओलांडायच्या आतच आवाज कित्येक दशके मागे जातात. प्रकाशाला, म्हणजेच रेडिओ लहरींना, नेपच्यूनपर्यंत पोचायला चार-सव्वाचार तास लागतात. तिथे आज सकाळच्याच बातम्या लागायला हव्यात! ही चूक मुलांनाच गणित मांडून शोधू द्यावी.

माझा खरा आक्षेप हेडफोनवर आहे. मोठी झालेली एली तबकड्यांसमोर मोटारीवर रेलून, कानाला हेडफोन लावून डोळे मिटते आणि तिला संदेश ‘ऐकू’ येतो. दृश्य सुंदर आहे, पण क्षीण संदेश असे सापडत नाहीत.

याबाबतीत हौशी रेडिओवाले चित्रपटापेक्षा चांगले शिक्षक आहेत. २००७ साली जागतिक रेडिओ परिषदेने त्यांना १३६ किलोहर्ट्झच्या आसपास एक अरुंद पट्टा दिला. तिथली तरंगलांबी सुमारे २२०० मीटर, आणि परसातला खांब फार तर पंधरा-वीस मीटरचा! त्यामुळे प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती एक वॅटही भरत नाही. तरीही अशा संदेशांनी अटलांटिक महासागर ओलांडला आहे. युक्ती एकच : घाई न करणे. मोर्स लिपीतला एकेक ठिपका कित्येक सेकंद, कधी मिनिटभर लांबवायचा. मग ग्राहकाला वारंवारतेची फट अतिशय अरुंद ठेवता येते आणि खरखर बाहेरच राहते. हा संदेश कानाने ऐकत नाहीत; संगणकाच्या पडद्यावर हळूहळू उमटणारी रेघ डोळ्यांनी वाचतात.

खोडदलाही हेच तत्त्व आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी, सोळा तीन बाहूंवर. त्यांचे संदेश प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि प्रत्येक तबकडीची प्रत्येकीशी जोडी लावली जाते. अशा ४३५ जोड्या होतात. तासन्‌तास बेरीज केल्यावर खरखर मागे पडते व चित्र उमटते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या ‘श्यापारेली’ यानाचा दुबळा संदेशही इथे टिपला गेला. तो पृथ्वीवर यायला पावणेदहा मिनिटे लागत होती. उतरण्याच्या सुमारास तो थांबला. यान आदळले होते.

चित्रपटात दुर्बिणीचा शत्रू कोण? निधी रोखणारे अधिकारी. भोवती ओसाड माळरान, शेजारी कुणीच नाही. आपल्याकडे भोवती द्राक्षबागा आहेत, कांद्याची शेते आहेत, गावे आहेत. वीजवाहिनीवरच्या ठिणग्या आणि मोबाइलचे मनोरे या सगळ्यांचा रेडिओ गोंगाट आकाशातल्या संदेशाहून कितीतरी मोठा असतो. म्हणूनच परिसरात उद्योग आणि मनोऱ्यांवर निर्बंध आहेत. कारखाना का येत नाही, असे इथल्या तरुणाने विचारले तर त्यात गैर काही नाही. शांततेची किंमत तो मोजतो आहे. निदान ती कशासाठी, हे त्याला शाळेतच नीट कळले पाहिजे. ‘दुर्बीण आकाश ऐकते’ एवढे सांगून ते कळत नाही. कारण मग तो म्हणेल, आमच्या मोटारीचा आवाज तिथवर कुठे जातो?

तेव्हा चित्रपट संपल्यावर एक प्रयोग करा. मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर दोन स्थानकांच्या मधे लावा आणि जवळच दिव्याचे बटण दाबा. कडकन आवाज येईल. बटण आवाज करते म्हणून नव्हे, ठिणगीतून रेडिओ लहर निघते म्हणून. एलीच्या हेडफोनने जे झाकले, ते या एका ‘कडकन’मध्ये मुलांना उमगेल.