कुष्ठरोग नियंत्रणातील परकीय अर्थसाहाय्य : एक चिकित्सा
बोरगाव मेघेलगतच्या वर्धा परिसरातील कुष्ठसेवा परकीय निधीहून जुनी आहे. मनोहर दिवाण यांचे दत्तपूर येथील कार्य 1936 चे, तर गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना 1951 ची. 1993 नंतर राष्ट्रीय कार्यक्रमास जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. 2000 पासून नोव्हार्टिसची मोफत औषधे आली. परंतु हे साहाय्य आरोग्यव्यवस्थेस नव्हे, एका रोगास होते. डिसेंबर 2005 मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण या निकषावर देशपातळीवर निर्मूलन साधल्याचे मानले गेले. उपचाराचा अवधी घटला की नोंदीतील रुग्णही घटतात, ही बाब मात्र त्या समाधानात दुर्लक्षित राहिली. दरम्यान रोगनिदानाची जबाबदारी सर्वसाधारण आरोग्यसेवेकडे सोपविण्यात आली. बधिर चट्टा ओळखणारी कुष्ठतंत्रज्ञाची सरावलेली नजर अशी आदेशाने सोपविता येत नाही.