‘ळ’ची ओळख : मराठी संकेतस्थळे आणि सामायिक प्रमाणके

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातील, औंढा नागनाथ तालुक्यातील गावाचे नाव संगणकाच्या पडद्यावर वाचता येणे आणि ते संगणकास ओळखता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी संकेतस्थळांच्या पहिल्या दशकात या दोहोंची गल्लत झाली. निरनिराळ्या ब्राउझरांत पृष्ठ नीट दिसते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा खरा; परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तो दुय्यम होय. मुख्य प्रश्न असा की, ‘जवळा’तील ळ सर्व यंत्रांत एकच वर्ण म्हणून नोंदला जातो काय? वेळ आणि वेल, मूळ आणि मूल असे भेद करणारी ही भाषा. गावाचे नाव रोमन लिपीत गेले की ळ आणि ल यांस एकच अक्षर मिळते, आणि तेथून देवनागरीत परत आणलेला ‘जवळा’ सहजच ‘जवला’ होतो.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ साली सिद्ध झाली व १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारेच केली. तीत ळला दशमान गणनेने २३५५ हा क्रमांक आहे. म्हणजे वर्णांची नोंद संकेतस्थळांच्या प्रसारापूर्वीच होऊन चुकली होती. तरीही पुढील अनेक वर्षे वेबवरील मराठी मजकूर प्रायः खाजगी फॉन्टांतूनच वावरला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवावयाचे, ही या फॉन्टांची युक्ती. त्यांतील कित्येकांत श आणि ण ही अक्षरे अर्धे रूप व काना अशा दोन तुकड्यांत साठविली जात. ‘हिंगोली’तील पहिली वेलांटी ह-च्या आधी नोंदली जाई, कारण ती डोळ्यांस आधी दिसते. उच्चाराचा क्रम बाजूस सारून येथे खिळे जुळविणाऱ्याचा क्रम प्रमाण मानला गेला. छापखान्यात तो निर्दोष होता. जेथे शब्द शोधावयाचा वा वर्णानुक्रमे लावावयाचा, तेथे तो निरुपयोगी ठरला.

वाचकाजवळ तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटे. त्यावर तोडगा म्हणून फॉन्ट पृष्ठाबरोबरच धाडण्याची सोय निघाली आणि ब्राउझरांची भाऊबंदकी तेथे आडवी आली. १९९७ साली आलेल्या चौथ्या आवृत्त्यांत इंटरनेट एक्सप्लोररने एक फॉन्ट-स्वरूप पुरस्कारिले, नेटस्केपने दुसरे. एकाचे दुसऱ्यास उमगत नसे. तेव्हा संपादकाने एक तर दोन्ही सिद्ध ठेवावयाची, नाही तर अमुक ब्राउझरातूनच पाहावे अशी पाटी लावावयाची. (कागदावरील मराठी वृत्तपत्राने वाचकास चष्मा कोणाकडचा, असे कधी विचारले नव्हते.)

खाजगी फॉन्टांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो टाकाऊ नाही. ‘विंडोज २०००’ येईपर्यंत विंडोज वापरणाऱ्या सामान्य वाचकाच्या संगणकास देवनागरीची जोडाक्षरे स्वतः जुळविता येत नव्हती. तोवर थांबावयाचे, तर मराठी वेबवर आलीच नसती. हे मान्य करावे लागते. दोष आहे तो कारण सरल्यावरही सवय चालू ठेवण्याचा. फॉन्ट धाडण्याचे ‘वॉफ’ हे सामायिक स्वरूप वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने डिसेंबर २०१२ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केले आणि ब्राउझरांमधील तो झगडा मिटला. पण जुन्या फॉन्टांतील मजकूर त्यायोगे मराठी झाला नाही. यंत्राच्या लेखी तो रोमनच राहिला. रूपांतर केल्यावाचून त्यात ‘जवळा’ शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

प्रमाणकाने वैविध्य मरते, हा आक्षेप वस्तुतः उलट आहे. मराठीतील पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. युनिकोडात मात्र दोन्ही भाषांच्या ल-ला एकच क्रमांक आहे. पृष्ठाची भाषा मराठी असल्याची खूण पृष्ठातच नोंदली, फॉन्टात मराठी वळण असले आणि ब्राउझरने ती खूण मानली, की वाचकास आपला ल मिळतो. खाजगी फॉन्टाने वळण राखले ते वर्णाची ओळख गमावून. येथे दोन्ही साधतात.

युनिकोडातही सर्व निर्वेध नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांतील खोलगट भाग. आचार्यास दिलेली दक्षिणा आचाऱ्यास दिली तर अर्थ फिरतो. ‘दऱ्या’तील हे र-रूप दोन प्रकारे नोंदता येते : ऱ या स्वतंत्र वर्णास हलन्त लावून, किंवा साध्या र-नंतर हलन्त आणि रुंदी नसलेली अदृश्य जोडखूण घालून. पहिला प्रकार युनिकोडास अभिप्रेत आहे. दुसरा जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी ठेवला आहे. दिसावयास दोन्ही सारखेच. परंतु जोडखूण वगळून तुलना करणाऱ्या यंत्रास दुसऱ्या प्रकारची ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच वाटतात, आणि न वगळणाऱ्यास ‘दऱ्या’ हा एकच शब्द दोन शब्द वाटतो. शब्दसंग्रहाच्या वा कोशाच्या संगणकीय प्रतीत कोणता प्रकार योजला आहे, हे संपादकाने प्रस्तावनेत नमूद करावयास हवे. दोन्ही मिसळले असतील, तर शब्दांची मोजणी करण्यापूर्वी ते एक करून घ्यावयास हवेत.