एकसमान यादृच्छिक संख्या आणि नमुना निवड : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ग्रामीण प्रश्नांवरील शोधनिबंधांत ‘गावांची निवड यादृच्छिक नमुना पद्धतीने केली आहे’ हे विधान वारंवार आढळते. ती निवड प्रत्यक्षात कशी झाली, याचा खुलासा मात्र क्वचितच असतो. पूर्वी यासाठी टिपेट यांच्या १९२७ मधील ४१,६०० अंकांच्या सारणीसारखी साधने वापरली जात. आज मॅटलॅब अथवा ऑक्टेव्ह या संगणकीय भाषांतील ‘रँड’ ही आज्ञा पुरेशी मानली जाते. या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन

‘रँड’ ० आणि १ यांच्या दरम्यानची संख्या देते. समान लांबीच्या कोणत्याही अंतरालात ती पडण्याची संभाव्यता समान असते. तथापि ती चिठ्ठी टाकून काढलेली संख्या नव्हे. मॅटलॅबमध्ये २००७ पासून मूळ रीत म्हणून असलेली ‘मर्सेन ट्विस्टर’ ही ठरावीक बीजापासून ठरावीक क्रमच निर्माण करते. बीज न बदलता मॅटलॅब नव्याने सुरू केल्यास पहिली संख्या ०.८१४७ हीच येते. साहजिकच, एकाच यादीवर काम करणारे दोन अभ्यासक नकळत तीच गावे निवडतील.

दुसरा दोष वापरातील आहे. १०० गावांसाठी ‘रँड’ला १०० ने गुणून जवळचा पूर्णांक घेतल्यास अस्तित्वात नसलेले शून्य क्रमांकाचे गाव निघू शकते आणि शंभराव्या गावाला इतरांच्या निम्मीच संधी मिळते. गुणाकारातील अपूर्णांक सोडून १ मिळवल्यास हा दोष टळतो.

तिसरा प्रश्न संगणकाबाहेरचा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की, पीक-कापणीसाठी फार लहान तुकडे घेतल्यास उत्पन्नाचा अंदाज फुगतो. तुकड्यांची निवड कितीही यादृच्छिक असली, तरी मोजणीतील हा दोष जात नाही. गावांच्या निवडीतही अशीच मर्यादा आहे. माण, आटपाडी, जत हे अवर्षणप्रवण तालुके आणि कऱ्हाड, वाळवा हे कृष्णाकाठचे बागायती तालुके एकाच यादीत ठेवून दहा गावे काढल्यास बहुसंख्य गावे बागायती निघणे अशक्य नाही. तसे झाल्यास दुष्काळी गावांची स्थिती निष्कर्षांत उमटणार नाही. येथे स्तरित नमुना पद्धतीच योग्य ठरते.

निष्कर्ष

‘रँड’ची पूर्वनिश्चितता ही उणीव मानली जाते, परंतु तीच तिची मोठी उपयुक्तता आहे. गावांची यादी, स्तर, बीज आणि संगणकभाषेची आवृत्ती शोधनिबंधात नोंदवल्यास कोणीही तीच निवड पुन्हा करून पडताळू शकतो. सारणीचे पान व ओळ नोंदवण्याची जुनी शिस्त संगणकाच्या काळातही तितकीच आवश्यक आहे. अशा नोंदीअभावी ‘यादृच्छिक’ हा शब्द केवळ आश्वासन ठरतो, पुरावा नव्हे.